आंदणाचं शेत

कारिदाकी, शुक्रवार, १३ मे १९९४

माझी स्तामातिया,

सगळ्यात आधी, तुझ्या पोरीला दिलेला शब्द पाळते. ती इथे येऊन गेली हे मी तुला सांगणार नाही. तीन बोटं जुळवून छातीवर क्रूस काढलाय मी.

झालं. लिहून बसले. शाईचं पेन आहे, खोडलं तर डाग दिसेल आणि तू म्हणशील आई काय झाकते आहे. नवीन कागद घ्यावा तर हा शेवटचा, दुकान दोनशिवाय उघडत नाही, आणि टपालाची बस एकला जाते. राहू दे. आता कागदावर आलंच आहे तर पुढचं ऐक, पण तिला ओरडू नकोस. तिने तुला इटली सांगितलं ते खोटं नाही, इटलीत होतीच ती. तिथून बोटीने इकडे आली, एका दिवसासाठी.

काल सकाळी मी चौकातल्या झाडाखाली रानभाजी निवडत बसले होते. बसमधून एक उंच पोरगी उतरली. पाठीवर स्वतःएवढं ओझं, पायात पुरुषी बूट. ड्रायव्हर ओरडला, "काकू, तुमची पाहुणी!"

मी म्हटलं, "माझ्याकडे कोण येणार? भग्नावशेष बघायला आलेली असेल एखादी जर्मन. फाटकावरच्या पानागिसकडे धाड."

पोरगी सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. हनुवटी तुझी. मला उठायचं सुचेना, मांडीवरची भाजी सगळी खाली. "आजी," म्हणाली, "मी आर्गिरो. स्तामातियाची." आपली ग्रीक ती अशी बोलते की तोंडात गरम बटाटा धरलाय. पुढे तिचं बोलणं मी सरळ करूनच लिहिते, नाहीतर कागद पुरायचा नाही.

आर्गिरो म्हणजे तुझ्या सासूचं नाव. पहिल्या मुलीला तेच ठेवायचा रिवाज आहे, मी काही म्हणत नाही. दुसरी झाली असती तर माझं आलं असतं, पण तू एकीवर थांबलीस. त्यावरही मी काही म्हणत नाही.

घरी नेलं, कडू संत्र्याचा मुरंबा चमच्यावर दिला, थंड पाणी दिलं. तीन चमचे खाल्ले तिने. कोंबडी कापायला निघाले तर म्हणाली, "आजी, मी मांस खात नाही." मी कपाळाला हात लावून बघितलं, ताप नव्हता. कोंबडी वाचली ती वाचली, कालपासून अंगणात अशी तोऱ्यात फिरते आहे जशी काही हिच्याच साठी पाहुणी आली होती.

पत्ता कसा मिळाला विचारलं. म्हणाली, बिस्किटाच्या डब्यात माझी पत्रं आहेत. "आई ती न्हाणीघरात वाचते, नळ सोडून." हे ऐकून मी किती खूश झाले सांगू! मला वाटायचं तू न फोडता टाकतेस. फोन केला की तू माझा आवाज ऐकून ठेवून देतेस, म्हणून तर हे लिहिणं. दोन इयत्ता शिकलेली बाई मी, तिसरीत बकऱ्यांमागे गेले. एक पत्र लिहायला मला सबंध दुपार लागते. आणि तू वाचतेस! नळ सोडून का होईना.

म्हणजे तुला सगळं माहीत आहे. तरी परत लिहिते. तुझ्या बापाला जाऊन सात वर्षं झाली. चार वर्षांनी आम्ही थडगं उघडलं, हाडं काढून, वाइनने धुऊन पेटीत ठेवायला, जशी सगळ्यांची ठेवतात. आणि तो होता तसाच होता. मातीने त्याला घेतलंच नव्हतं. बायकांनी त्याला परत झाकला. शेजारची लेमोनिया, जिने गावातल्या निम्म्या लोकांची हाडं धुतली आहेत, ती म्हणाली, "याला कुणीतरी धरून ठेवलंय." आणि मी खाली बघितलं, कारण मला ठाऊक होतं कोणी. पिरेअसच्या बंदरावर, बोटीच्या शिडीवरून वळून तू म्हणाली होतीस, "माती तुला खाऊ नये." आपल्याकडे याहून मोठा शाप नाही. तुझा बाप आणि मी शेजारी शेजारी उभे होतो. त्याने टोपी काढली आणि परत घातली. एवढंच केलं त्याने.

आता अठरा जूनला, मृतांच्या शनिवारी, त्याला परत उघडणार आहेत. स्मशान लहान, जागा हवी आहे. त्याआधी तुझी एक ओळ येऊ दे. "सोडलं मी त्याला," एवढीच. सही नको, खुशाली नको. हे माझं आठवं पत्र.

बसचा भोंगा वाजला. बाकीचं नंतर. मी सांगितलं हे तिला सांगू नकोस.

तुझी आई
गारुफालिया


सोमवार, १६ मे

स्तामातिया, माझी बाई,

शुक्रवारचं पत्र मागे घ्यावं असं बस वळणावर गेल्यावर मनात आलं होतं. पळाले सुद्धा. या गुडघ्यांनी कुठवर पळणार, पुलापर्यंत. तिथे बसून राहिले आणि मग म्हटलं, जाऊ दे, आनंदाची बातमी आहे, आनंदाच्या बातमीने कुणाचं वाईट होतं? आणि अर्धं सांगून ठेवलं तर तू वाईटसाईट कल्पना करशील. म्हणून उरलेलं लिहिते.

पोरीला अवशेष बघायचे होते. तिच्या पुस्तकात आपल्या गावाबद्दल चार ओळी आहेत. "चल ना आजी," म्हणाली. मी गुडघे पुढे केले. ती म्हणाली, "मग मीही नाही जात." आता ती मेलबर्नहून इतक्या लांब आलेली! काळा रुमाल बांधला, पिशवीत पाव, ऑलिव्ह, चीज आणि वाइनची बाटली घेतली, आणि निघाले. बत्तीस वर्षांत मी त्या कुंपणाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं, स्तामातिया. बकऱ्यासुद्धा वरच्या वाटेने नेत होते. आणि गुरुवारी परदेशात फिरायला निघाल्यासारखी निघाले, स्वतःच्या शेतात.

फाटकाशी पानागिस खुर्ची टाकून बसलेला. हो, तोच. पुराणवस्तू खात्याने त्याला पहारेकरी नेमलं त्याला आता पंचवीस वर्षं होत आली. टक्कल पडलंय, पोट सुटलंय, एवढ्यावरून तुला बरं वाटत असेल तर वाटू दे.

"या, मालकीणबाई!" तो बसल्या जागेवरून म्हणाला. "वाट चुकलात का?"

"पाहुणीला दाखवायला आणलंय. तिकिटं फाड."

"पासष्टच्या पुढच्यांना फुकट."

"मग माझं फाड, मला अजून पासष्ट लागायचंय."

"दुसऱ्यांदा लागायचं असेल!"

मग त्याने पोरीकडे बघितलं, तिच्या हनुवटीकडे, आणि उठून उभा राहिला. जर्मनांच्या दोन दोन बस आल्या तरी हा माणूस खुर्ची सोडत नाही. टोपी काढली. विचारलं, "आई बरी आहे?"

"बरी आहे," आर्गिरो म्हणाली. "तुम्ही ओळखता तिला?"

"लहान गाव आहे," म्हणाला, आणि खिशात अडकवलेलं पेन टेबलावर शोधायला लागला.

आत गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. तू तिला काहीच सांगितलेलं नाहीस! तिला वाटत होतं ते कुठल्या तरी राजाचं शेत. मी म्हटलं, बाई, हे तुझ्या आईचं आंदण. इथे तिचं घर होणार होतं, या पानागिसशी तिचं लग्न ठरलं होतं. तुझ्या आजोबाने पाया खणायला घेतला आणि कुदळ दगडावर लागली. साधा दगड नव्हे, कोरलेला, त्यात माणसं. असं काही निघालं की सांगायचं असतं, तो कायदाच आहे, आणि सांगितलं की शेत जातं, हेही सगळ्यांना माहीत. म्हणून सगळे करतात तेच त्याने केलं, परत माती ओढली. छप्पर चढेपर्यंत गप्प राहायचं ठरलं. पण कुणीतरी बोललं. गाव आहे, तोंडं आहेत. आठ दिवसांत जीप आली, मोजपट्ट्या आल्या, तारेचं कुंपण आलं. पानागिसच्या घरच्यांनी कळवलं की त्यांनी शेत मागितलं होतं, कुंपण नव्हे. वर खात्याने आजोबाला कागद दिला, दगड कळवल्याबद्दल आभाराचा, शिक्का मारलेला. तो कागद बघून तुझ्या आईने ठरवून टाकलं की बापानेच सांगितलं, बक्षिसासाठी. मग मेलबर्नहून एका माणसाचा फोटो आला, आणि दुसऱ्या वसंतात तुझ्या आईला बोटीवर बसवलं.

पोरगी म्हणाली, "बाबांचा फोटो."

"माणूस कसा निघाला?"

"चांगले आहेत बाबा. हळू बोलतात."

मला किती बरं वाटलं. बत्तीस वर्षं फोटोतल्या त्या मिशांची मला काळजी होती.

आता गंमत ऐक. तुझ्या बापाने, लाम्ब्रोसने, दोरी लावून तुझं स्वयंपाकघर जिथे आखलं होतं ना, बरोबर तिथेच त्या जुन्या लोकांचं स्वयंपाकघर निघालंय! चूल सुद्धा त्याच कोपऱ्यात. वारा मागून येतो, धूर बाहेर जातो. एवढी सगळी वर्षं गेली, चुलीची जागा तीच. मी त्या चुलीपुढे उकिडवी बसले, इथे तुझी भांडी, इथे पीठ, इथून खिडकीतून मला हाक मारशील. आर्गिरोने माझा फोटो काढला. पाठवीन म्हणाली आहे.

पुढे छपराखाली तो दगड उभा केलाय. मी ओळखलं त्याला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीच रुमालाने त्याचं तोंड पुसलं होतं. आता दोरी बांधलीये, हात लावायचा नाही. एक बाई खुर्चीवर बसलेली, पुढे एक तरुण मुलगी उभी, दोघींनी एकमेकींचा हात धरलाय. आर्गिरोने पुस्तकात बघून सांगितलं, हा थडग्यावरचा दगड, दोघींतली एक मेलेली आहे आणि हा निरोप चाललाय. पण मेलेली कोण, ते पंडितांना कळत नाही.

मी म्हटलं, "एवढं काय त्यात. बसलेली."

"का?"

"उभी आहे तिला निघायचंय. बोट लागलीये."

पोरीने पुस्तक मिटलं. मग आम्ही पुढे गेलो.

आता जे झालं ते तू हसल्याशिवाय वाचू शकणार नाहीस. कोपऱ्यात एक थडगं उघडं ठेवलंय, वर काच, आत बाईची हाडं. कशी स्वच्छ, स्तामातिया! मेणासारखी पिवळी, मधासारखी! बघूनच कळावं, हिला कुणी शाप दिला नव्हता. मी पानागिसला हाक मारली. "हिला वाइनने कुणी धुतलं?"

"धुतलं? काकू, ती तशीच सापडली."

"दोन हजार वर्षं कुणी धुतली नाही?"

"अडीच. खात्याची परवानगी लागते."

तो वळला आणि मी पिशवीतली बाटली काढली. हवा जायला काचेच्या कडेला फट ठेवलेली आहे. थोडीच ओतली, निम्मी. आमच्या लोकांच्या वेळी म्हणतो तेच म्हटलं, देव तुला क्षमा करो. पानागिस धावत आला. तो माणूस धावतो हे मला माहीतच नव्हतं.

"काकू! अहो, प्राचीन आहे ते!"

"मग तर कधीचं राहून गेलंय!"

आर्गिरो हसता हसता एका पडक्या खांबावर बसली. पानागिस रुमाल काढून काच पुसायला लागला, लाल झालेला. म्हणाला, "बरं झालं. तुमच्या जिभेने नोकरी दिली, तुमच्या हातांनी जाईल." काय बोलतो काही कळत नाही. उन्हात बसून बसून डोकं फिरलंय त्याचं.

मग ऑलिव्हखाली जेवलो. उरलेली वाइन प्यायलो. ती तुझ्या घराचं सांगत होती. तू पुढचं मागचं सगळं अंगण सिमेंटचं करून घेतलंस, त्याला हिरवा रंग दिलास, टोमॅटोचं एक रोप लावत नाहीस, तुझा नवरा कुंड्यांत लावतो. मी हसले, म्हटलं, झाडायला सोपं पडत असेल. ती म्हणाली, "नाही आजी. आई म्हणते, मातीचं तोंड नको बघायला."

तेव्हा मी तिला बंदरावरचं सांगितलं, आणि थडग्यातलं सांगितलं, आणि अठरा जूनचं. तिने पाव खाली ठेवला. मग म्हणाली, "मी बोलेन तिच्याशी. पण समोर बसून. ती कागदाला उत्तर देत नाही, माणसाला देते. चार जूनला मी घरी पोचते. तोवर तू काही लिहू नकोस, आजी. मी इथे आले हे तिला माझ्या तोंडून कळू दे, नाहीतर ती दार लावून घेईल. मग मला सुद्धा उघडणार नाही." आणि माझ्याकडून शपथ घेतली.

ते तीन वाजता. पाचच्या बसने ती गेली. आणि दुसऱ्या दिवशी अकराला मी लिहायला बसले होते.

स्तामातिया, तू नवीन काही ऐकलं नाहीस असं कर. ती दारात आली की विचार, इटली कशी होती. एवढं कर. चार जून ते अठरा जून, मध्ये खूप दिवस आहेत, मी बोटांवर मोजलेत.

गारुफालिया


मंगळवार, ७ जून

स्तामातिया,

रविवारी आर्गिरोचा फोन आला. मी आनंदाने उचलला.

"आजी, तू लिहिलंस."

"चुकून गेलं गं."

"दोन पत्रं? चुकून?"

मी तिला पुलापर्यंत पळाले ते सांगायला लागले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, पत्रं तिच्या आधी पोचली. ती घरी आली तेव्हा तू इस्त्री करत होतीस. ओरडली नाहीस. इस्त्री बंद केलीस, गुंडाळलीस, आणि तिला म्हणालीस (तिने मला शब्द न् शब्द सांगितला, मीच तो दोनदा म्हणायला लावला), "आजीला कळव, कोण बोललं ते मला तेव्हापासून माहीत आहे. बोट सुटायच्या आठ दिवस आधी पानागिसच्या आईनेच सांगितलं मला. बंदरावर बोलले ते बापाला नव्हतं. आता पत्र आलं तर न फोडता परत जाईल."

आणि पोरीला म्हणालीस, "तुझीही जीभ तिच्यावरच गेली." ती आता मैत्रिणीकडे राहते आहे. फोनवर रडत नव्हती. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

हे पत्रही परत येणार. मग निवांतच लिहिते. एरवी तू काय म्हणशील म्हणून शब्द निवडायला वेळ जातो.

मीच बोलले. पण कशी बोलले ते पानागिसच्या आईने सांगितलं नसेल, कारण तिने तेवढं ऐकून घेतलंच नाही. रविवार होता, चर्चमधून येत होतो. आठवडाभर तोंड दाबून ठेवलं होतं मी. बाई गं, तुला कसं सांगू, तो दगड इतका सुंदर होता! त्या मुलीच्या हाताच्या शिरासुद्धा कोरलेल्या. माझ्या आयुष्यात मी असं काही पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्या पोरीच्या शेतात निघालं होतं. ती तुझी होणारी सासू, घरचीच म्हणायची. मला वाटलं तिलाही आनंद होईल. मी म्हटलं, "तुमच्या सुनेच्या उंबऱ्याखाली राजकन्या निजली आहे." एवढंच वाक्य. तिने मास्तरांना सांगितलं, मास्तरांनी पुढे.

जीप आली त्या दिवशी मी तुझ्या बापाला सांगितलं. मारेल असं वाटलं होतं. तो मोजपट्ट्या धरणाऱ्या माणसांकडे बघत होता. म्हणाला, "पोरीला माझं नाव सांग. बापावर राग धरला तर चालतो. आईवर धरला तर तिला परत यायला घर उरणार नाही." आणि आभाराचा तो कागद आला तेव्हा त्याने तो सगळ्यांना दिसेल असा भिंतीवर लावला. त्याला वाचता येत नव्हतं. शिक्का वर असावा एवढं त्याने मला विचारून घेतलं.

मी त्याला तसं करू दिलं. पंचवीस वर्षं करू दिलं. मेल्यावरसुद्धा, तुला आठ पत्रं लिहिली त्यात, "त्याला सोड" म्हणत राहिले. आणि तुला माहीत होतं. न्हाणीघरात नळ सोडून तू ते वाचत होतीस, आणि तुला माहीत होतं.

टोमॅटो छान धरलेत यंदा. कुणाला सांगू म्हणून सांगितलं.

आई


सोमवार, २० जून

स्तामातिया,

मंगळवारचं पत्र अजून परत आलेलं नाही, बहुतेक वाटेत असेल. हे त्याच्या मागून जाईल आणि मागून येईल.

शनिवारी तुझ्या बापाला उघडला.

पहाटे मृतांच्या प्रसादाचे गहू उकडले, साखर लावली, डाळिंबाचे दाणे काढले. लेमोनियाने बदामांनी वर त्याच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं, जरा वाकडं आलं. मी म्हटलं राहू दे, त्यालाही सरळ काढता येत नव्हतं. पानागिस फावडं घेऊन आला. खणायचं काम दुसऱ्या कुणाला देऊ नका असं त्यानेच पाद्रीबाबांना सांगितलं होतं. का, ते मी विचारलं नाही, आणि मी न विचारलेली तेवढी एकच गोष्ट असेल.

मी डोळे मिटून उभी होते. लेमोनिया खाली उतरली होती, हातांनी माती सारत. आणि मग ती ओरडली, "गारुफालिया! अगं बघ! सोनं!"

पिवळा, स्तामातिया. मेणासारखा. काचेखालच्या त्या बाईसारखा. मातीने सगळं घेतलं होतं आणि स्वच्छ करून परत दिलं होतं. डोकं पहिलं आलं, लेमोनियाने ते माझ्या ओंजळीत दिलं. किती हलकं. मी त्याच्या कपाळाला ओठ लावले. बायका रडत होत्या, हसत होत्या, एकमेकींना सांगत होत्या, सोडलं, मुलीने सोडलं त्याला! "परदेशातून पत्र आलं ना?" लेमोनियाने विचारलं. पाद्रीबाबांनीही तेच विचारलं. मी हो म्हटलं. काय सांगणार होते?

वाइनने एकेक हाड धुतलं. त्याचा डावा हात मोडला होता ना बकरी सोडवताना, तिथे गाठ आहे अजून. बोटं मोजली, सगळी आहेत. पांढऱ्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवला, पेटीवर नाव. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू, गाणं म्हटलं मी. बत्तीस वर्षं त्याने माझं ओझं वाहिलं, आणि त्याच्या अंगावर त्याचा डागसुद्धा राहिला नाही. मागच्या वेळी उघडला तेव्हा काही शापबिप नव्हताच. पानागिस म्हणतो, त्या कोपऱ्यात चिकणमाती आहे, पाणी धरते, माणसाला वेळ लागतो. तीन वर्षांपूर्वीच हे बोलायला काय झालं होतं, मी म्हटलं. तो म्हणाला, "तुम्ही बोलू कुठे देता?"

सगळे गहू खाऊन घरी गेले. मी आणि लेमोनिया घमेली धूत बसलो. तेव्हा मला सगळं नीट समजलं, आधी फोनवर ऐकलं होतं पण समजलं नव्हतं. तू बोललीस ते बोललीस. ते कुणाला तरी लागू व्हायचंय. त्याला झालं नाही. आम्ही दोघंच उभे होतो बंदरावर.

त्याची जागा रिकामी झाली आहे. पाद्रीबाबा म्हणाले, "गारुफालिया, तुला हवी तर ठेवतो." मी हो म्हटलं. तीच चिकणमाती.

लेमोनियाला मी सांगून ठेवलंय, मला उघडू नका. ती म्हणाली, उघडावं लागतंच, जागा कुठे आहे? चार वर्षांनी उघडतील. कुणाला तरी उभं राहावं लागतं, हाडं ओंजळीत घ्यायला. घरचं माणूस. आर्गिरोला बोलवू नकोस, तिने पुरे पाहिलं. पानागिस खणेल, तोवर असला तर.

आणि मी ठेवल्यासारखीच निघाले तर बायका काय म्हणतील ते म्हणू देत, ऐकायला मी नसेन. एकच गोष्ट मी लेमोनियाला विचारून घेतली. तिने इतक्या लोकांना उघडलंय, तिला माहीत असणार. मी म्हटलं, "लेमोनिया, ज्यांना माती घेत नाही त्यांची जीभ कशी असते गं?"

ती घमेलं पालथं घालत म्हणाली, "जीभ? ती कुणाची राहत नाही, बाई. ती सगळ्यात आधी जाते."

तुझी आई